काळ्या तेलाचे नऊ डबे

रशीदभाई,

तुम्हाला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. या शहरात असा कोण आहे ज्याला मी पत्र लिहिलेले नाही, असे कोणी विचारले तर मला आठवावे लागेल. महापालिकेचे आयुक्त, क्षेत्रीय कार्यालय, वाहतूक शाखा, भर रस्त्यात मांडवाचे खांब रोवणारी मंडळे, वृत्तपत्रांचे संपादक, सर्वांकडे माझे हस्ताक्षर पोहोचलेले आहे, बहुतेकांकडे पोचपावतीसह. तुम्ही मात्र सदाशिव पेठेतल्या माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, शनिवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीत, गॅरेजच्या उंबऱ्यावर रोज बसलेले असायचात. तुमच्याशी जे बोलायचे ते समोरासमोर बोलता येईल, असे मी धरून चाललो. जे बोलायचे होते, नेमके तेच बोललो नाही. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. म्हणून हा कागद.

आधी तक्रारीचा भाग. माझा राग पाहिलात की तुम्ही म्हणायचात, "आधी धूर जाऊ द्या साहेब, मग इंजिनाचा आवाज ऐकू." तर हा धूर.

गल्लीच्या तोंडाशी तुमचा फ्लेक्स लावला आहे. त्यावर तुमचे छायाचित्र टपाल तिकिटाएवढे आणि तुम्हाला श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे घमेल्याएवढे. तेही सगळे हसताहेत. एकाने तर काळा चष्मा लावला आहे. खाली लिहिले आहे, 'गल्लीचा आधारवड हरपला'. तुम्ही आणि वड! तुम्ही म्हणाला असतात, "वडाखाली गाडी लावू नका, साहेब, पाखरं घाण करतात." हा फ्लेक्स उभारण्यात पुढाकार कोणाचा, तर तुमच्या समोरच्या गॅरेजवाल्याचा. गाड्यांमधून काढलेले काळे तेल वर्षानुवर्षे सरळ गटाराच्या जाळीत सोडणारा हा गृहस्थ, तुमच्या नावापुढे हात जोडून उभा. परवानगीचा क्रमांक फ्लेक्सवर नाही, हे वेगळे सांगायला नको. मला पाहून तो म्हणाला, "काका, आपला माणूस गेला." मी परवानगीचा क्रमांक पुन्हा एकदा शोधला.

दुसरी तक्रार. तुम्ही गेल्यावर आठवड्याभरात माझ्या मोटरसायकलच्या तेलाची वेळ झाली. किलोमीटरच्या काट्याला सुतक नसते. नाइलाजाने मी एका वातानुकूलित सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. दारात एका तरुणाने माझ्या गाडीकडे, आमच्या देवघरातल्या समईकडे पाहावे, तसे पाहिले.

"अंकल, व्हिंटेज! तुम्ही लाउंजमध्ये बसा, कॉफी घ्या. पंधरा मिनिटांत ऑइल चेंज."

"पंधरा मिनिटांत जुने तेल पूर्ण गळत नाही. आणि मला समोर उभे राहून पाहायचे आहे."

"कस्टमर आत अलाउड नाही, सर. पॉलिसी आहे."

"कोणती पॉलिसी? लेखी दाखवा."

तो हसला. मग मी विचारले, "या गाडीला इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते, हे आपल्या लोकांना ठाऊक आहे ना?"

"अंकल, एकच ऑइल असतं. सगळ्यात तेच फिरतं."

काचेपलीकडे त्याच वेळी एक जण दुसऱ्याच एका गाडीच्या गरम इंजिनाचा नट पान्याने भसकन उपटत होता. तेल अर्धे ट्रेमध्ये, अर्धे फरशीवर. मग त्याने एक फडके फरशीवर फिरवले आणि त्याच फडक्याने पेट्रोलची टाकी पुसली. मी किक मारली आणि निघालो. मागून आवाज आला, "अंकल, फीडबॅक तरी भरा!" भरला, रशीदभाई. चार पाने भरला. अर्थात, त्यांच्या मोबाइलवर नव्हे.

आता धूर पुरे.

तुमच्याकडे तेल बदलणे हे काम नव्हते, तो एक विधी होता. आणि विधींचा मला एरवी कंटाळा असूनही या एका विधीला मी बावीस वर्षे वेळेवर हजर राहिलो. शनिवारी सकाळी आठ वाजता, गल्लीत दुसरे कोणी गिऱ्हाईक येण्याआधी. ती वेळ मीच मागून घेतली होती, कारण माझ्या गाडीवर काम चालू असताना कोणी तुम्हाला मध्येच हाक मारलेली मला खपत नसे. तुम्ही इंजिन चालू करून ठेवायचात आणि चहा मागवायचात. माझ्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिले आहे, 'इंजिन कोमट असताना तेल काढावे'. कोमट म्हणजे नेमके किती, यावर पहिल्याच वर्षी मी तुमच्याशी वाद घातला होता. तुम्ही ग्लास माझ्या हातात दिलात. "हा चहा फुंकर न मारता पिता आला, की नट खोलायचा. थंड तेल उतरत नाही, गरम तेल हात जाळतं." कंपनीच्या अभियंत्यांना जे एका परिच्छेदात सांगता आले नव्हते, ते तुम्ही एका ग्लासात सांगितलेत.

मग नट. खोलताना पाना, पण लावताना नेहमी आधी बोटे. "पहिले चार आटे बोटानं. बोटाला कळतं नट तिरका चाललाय ते. पान्याला काय कळतंय? त्याला फक्त जोर ठाऊक." नटाखालचे तांब्याचे वायसर, म्हणजे वॉशर, तुम्ही फेकत नसायचात. चिमट्यात धरून स्टोव्हवर लाल करायचात आणि पाण्यात सोडायचात. ते मऊ होई आणि पुन्हा घट्ट बसे. आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट, वाट पाहणे. तेलाची धार संपे, मग ठिबक सुरू होई, आणि ठिबक थांबेपर्यंत तुम्ही गाडीला हात लावत नसायचात. गाडी किंचित कलती करून तुम्ही समोर पाय दुमडून बसायचात. मी घड्याळ पाही. तुम्ही म्हणायचात, "कचेरीतून सुटलात तुम्ही, साहेब. आता कसली घाई? वाईट असतं ते शेवटच्या थेंबातच असतं."

आपला एक वाद अखेरपर्यंत मिटला नाही. माझे म्हणणे असे की, दोन्ही तेले एकाच दिवशी बदलावीत, म्हणजे नोंद ठेवणे सोपे जाते. तुमचे म्हणणे, "इंजिन भाजतं, साहेब. गिअर नुसता घासतो. दोघांचं वय एक कसं धरता?" इंजिनाचे तेल दोनदा बदलले की गिअरचे एकदा, हा तुमचा हिशेब. बाजूचा छोटा स्क्रू काढून, तिथून नवे तेल पाझरू लागेपर्यंत नरसाळ्यातून ओतत राहणे, ही तुमची मोजणी. मी मापाचे भांडे घेऊन येई, आणि दर वेळी तुमची धार माझ्या रेघेवर येऊन थांबे. मला याचा राग येत असे. आज कबूल करतो, गिअरच्या बाबतीत तुमचे बरोबर होते.

आता मुद्द्यावर येतो. मी आयुष्यभर न्यायालयाच्या कचेरीत इतरांचे कागद तपासले; कागदात मूळ मुद्दा किती खाली दडवतात, हे मला चांगले ठाऊक आहे. मीही तेच करतो आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी तुमच्या गल्लीतून जाताना समोरच्या गॅरेजपुढच्या गटाराच्या जाळीवर मी काळा, चकचकीत थर पाहिला. त्यात एक कबुतर चिकटून मेले होते. पंख पसरलेले, चोच उघडी, आणि पंखांखालून तेलाचे इंद्रधनुष्य मुठा नदीकडे वाहत चाललेले. आणि मी समोरच्या त्या मालकाला तेलाचा ट्रे घेऊन परत दुकानात शिरताना पाहिले. त्याने मला पाहिले नाही. मी घरी आलो आणि तक्रारअर्ज लिहायला बसलो. तीन मसुदे केले. त्यात नाव लिहिले नाही. का? कारण साक्षीदार मी एकटा, छायाचित्र नाही, आणि पुराव्यावाचून कोणाचे नाव घेणे म्हणजे अब्रुनुकसानीला आमंत्रण, असे मी स्वतःला सांगितले. म्हणून लिहिले, 'सदर गल्लीतील गॅरेजचालक'. गल्लीत गॅरेजे दोनच होती, रशीदभाई. हे मला माहीत नव्हते काय? पण तुमचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही, कारण तुम्ही तेल गटारात टाकता ही कल्पनाच मला करता येत नव्हती. तुमच्या कोपऱ्यात झाकणाचे निळे पिंप होते. सगळे काळे तेल त्यात जाई, आणि दोन-तीन महिन्यांनी ते शुद्ध करणाऱ्या कारखान्याचा टेम्पो येऊन ते घेऊन जाई.

महापालिकेचे पथक आले, तेव्हा समोरची फरशी धुऊन लख्ख होती. ज्याने सगळे ओतून टाकले होते त्याच्याकडे सापडण्यासारखे काहीच नव्हते. तुमच्याकडे मात्र पिंप होते, काठोकाठ भरलेले, कारण टेम्पो चार दिवसांवर आला होता. घातक द्रव्याचा विनापरवाना साठा. पिंप जप्त, दुकानाला कुलूप. जो साठवत होता तो गुन्हेगार, जो ओतत होता तो निर्दोष. नियमाप्रमाणे पंचनाम्यात एकही चूक नव्हती. मी नंतर तो तपासला.

त्याच संध्याकाळी तुम्ही नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या घरी आलात. इतक्या वर्षांत प्रथमच. हात रॉकेलने आणि मग साबणाने धुतलेले होते. तरी तळव्यांच्या रेषांत काळे होतेच. माझी पत्नी सुमती हिने चहा ठेवला.

"वाचून दाखवा, साहेब. माझ्याच्यानं शेवटपर्यंत जाववत नाही."

मी मोठ्याने वाचू लागलो. दुसऱ्या परिच्छेदात, अवतरणचिन्हांत, माझेच वाक्य उभे होते. 'वापरलेले तेल गटारात सोडून सदर गॅरेजचालक जनतेच्या आरोग्याशी खेळत असून ही बाब केवळ खेदजनक नव्हे, तर घृणास्पद आहे.' 'घृणास्पद' हा शब्द मी तिसऱ्या मसुद्यात घातला होता, आणि घालून झाल्यावर मला बरे वाटले होते.

"घृणास्पद म्हणजे काय हो?"

"म्हणजे... किळस यावी असं."

तुम्ही आपले तळवे उलटेसुलटे करून पाहिलेत. "माझ्या हाताची?"

"छे हो!" मी घाईने म्हणालो. "लिहिणाऱ्याचा राग नदीपायी आहे. तुमच्यावर नाही."

"अच्छा," तुम्ही म्हणालात. कपातला चहा संपवलात. मग म्हणालात, "शिकलेला माणूस दिसतोय. शब्द भारी आहेत."

स्वयंपाकघराच्या दारात सुमती उभी होती. माझ्या तक्रारअर्जाचे पाकीट तिनेच टपालात टाकले होते. तिने माझ्याकडे असे पाहिले की, मी पुन्हा नोटिशीत डोके घातले. तुम्ही गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "सांगा त्यांना. आज सांगितलंत तर झाली ती नुसती चूक ठरेल. उद्या सांगितलंत तर लबाडी ठरेल." मी तिला कायदा समजावून सांगितला. ती पोळ्या करायला आत गेली.

सांगितले नाही. त्याऐवजी उत्तराचा मसुदा केला. अकरा पाने. स्वतःच्याच अर्जाचा मी एकेक शब्द खोडून काढला. पिंपाचे झाकण, टेम्पोच्या फेऱ्या, कारखान्याचा परवाना, सगळे जोडले. एकोणीस दिवसांनी कुलूप निघाले. तुम्ही माझ्या हातावर खजुरांचा पुडा ठेवलात. मी म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं!" आज त्या चार शब्दांचीच मला सर्वाधिक किळस येते. गटारातल्या कबुतराची येत नाही इतकी.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी तेल बदलून झाल्यावर तुम्ही जुने तेल पाच लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात ओतलेत, बूच घट्ट लावलेत, त्यावर पांढऱ्या रंगाने 'साहेब' असे लिहिलेत आणि डबा माझ्या हातात दिलात.

"हे काय?"

"आता साठा नको. ज्याचं तेल, त्यानं न्यायचं. कायदा आहे, साहेब."

मला ते पटले. इतके पटले की, सर्व गॅरेजवाल्यांनी हीच पद्धत अवलंबावी, असे मी वृत्तपत्रात पत्र लिहिले. छापून आले. तुम्हाला कात्रण आणून दाखवले, तुम्ही ते लक्षपूर्वक वाचलेत आणि म्हणालात, "चांगलं लिहिलंय." डबा मी घरी नेला. गटारात ओतणे बेकायदा, कचऱ्यात टाकणे बेकायदा, भंगारवाल्याला देणे संशयास्पद. महापालिकेला विचारले, तर उत्तर आले की, आपला अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे. योग्य विभाग अजून सापडलेला नाही. दर आठ-नऊ महिन्यांनी एक डबा, असे आठ डबे आमच्या गॅलरीत उभे राहिले, कुंड्यांच्या ओळीत. सुमती म्हणे, "तुळशीशेजारी काळं तेल! आपल्या घरावर शनीचं देऊळ म्हणून पाटी लावा." उन्हाळ्यात वास येई. एकदा एका बुचातून पाझरले आणि खालच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या धोतरावर पडले. मी क्षमापत्र लिहिले. तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही मान खाली घालून हसलात. मला वाटले, धोतराला हसलात.

सर्व्हिस सेंटरमधून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी तुमच्या गॅरेजात गेलो. तुमची मुलगी नसीम बँकेतून रजा काढून सामान आवरत होती. आपल्या गाडीची दुसरी चावी न्यायला देवस्थळी सर आले होते. तुमचे माझ्याइतकेच जुने गिऱ्हाईक. मी सहज म्हणालो, "सर, आता या डब्यांचं काय करायचं? तुमच्याकडेही साठले असतील."

"कसले डबे?"

"जुन्या तेलाचे. रशीदभाई घरी न्यायला देत ते."

"अहो, मला कशाला देतील? मी तेल घरी नेऊन काय, भजी तळू?" सर हसत हसत चावी घेऊन गेले.

 नसीमने भिंतीला टेकवलेला पत्रा बाजूला सरकवला. मागे तेच निळे पिंप उभे होते. सुटून आलेले. झाकणावर सरकारी लाखेचा डाग अजून होता.

"सगळ्यांचं तेल यातच जायचं, काका. तुमचं सोडून."

मी चौतीस वर्षे न्यायालयात काढली आहेत. कारण उमगल्यानंतरही माणूस 'का?' असे विचारतो, हे मी हजारदा पाहिले आहे. तरी विचारले.

ती म्हणाली, "नोटिशीत नदी नव्हती, काका."

पुढे तीच सांगू लागली.

"तुमच्या घरून आल्यावर अब्बांनी नोटीस मला दिली. म्हणाले, यात नदी शोध. मी चारदा वाचली. आरोग्य होतं, जनता होती, गटार होतं. नदी कुठंच नव्हती. ते म्हणाले, मग साहेबांना नदी कुठनं ठाऊक?"

घरी येऊन मी माझ्या फाइलमधली नोटिशीची प्रत काढली. शिक्क्यापासून सहीपर्यंत वाचली. मग माझ्या अर्जाची स्थळप्रत काढली. नदी तिथे होती, शेवटच्या परिच्छेदात, 'मुठामाई' अशा शब्दांत. पथकाने तो परिच्छेद उद्धृतच केला नव्हता. मी इतरांच्या साक्षींतली विसंगती पकडण्यात हयात घालवली, आणि माझी स्वतःची साक्ष चहाच्या एका कपात फुटली होती. तुम्हाला सहा वर्षे ठाऊक होते. आठ वेळा तुम्ही माझे तेल माझ्या हातात दिलेत. आठ वेळा डब्यावर माझे नाव घातलेत. आणि मी तो आदर समजत राहिलो.

पण त्याआधी, त्या पत्र्यासमोर उभा असतानाच, मी नसीमला विचारले होते, "मग त्यांनी मला विचारलं का नाही?" माझ्या आवाजात तक्रार होती. बघा, अजूनही माझी तक्रारच होती!

ती पाने-पकडी कापडात गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही का नाही सांगितलंत?" मग थोड्या वेळाने, जरा मऊ आवाजात, "मी त्यांना म्हणायचे, अब्बा, तोंडावर विचारा एकदाचं. ते म्हणायचे, थंड इंजिनातून तेल निघत नाही, बेटा. त्यांना कोमट होऊ दे."

रशीदभाई, मला तुमचाही राग आला, हे नमूद करतो. सहा वर्षे माणसाने आपल्या मित्राला असे टांगून ठेवावे काय? शिवी दिली असतीत तर चालले असते. दुकानातून हाकलले असतेत तर चालले असते. तुम्ही चहा पाजत राहिलात आणि माझ्या गाडीचे वायसर मऊ करत राहिलात. अशा माणसाविरुद्ध अपील तरी कोणाकडे करायचे? मग लक्षात आले की, तुम्ही खटला चालवतच नव्हतात. तुम्ही समोर पाय दुमडून बसला होतात.

गेल्या रविवारी मी माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः तेल बदलले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी जमिनीवर बसणे सोपे नाही, आणि उठणे हा तर स्वतंत्र विषय आहे. सुमतीने चहा खाली आणून दिला. फुंकर न मारता पिता आला, तेव्हा नट खोलला. ठिबक थांबायला पाऊण तास लागला. या वेळी गिअरचीही पाळी होती. बाजूच्या स्क्रूतून नवे तेल पाझरू लागताच थांबलो. मापाचे भांडे वरच ठेवले होते. नट लावताना चार आटे बोटांनी फिरवले. दुसऱ्या आट्यालाच तो तिरका चालल्याचे कळले. बोटाला खरेच कळते. मागे घेतला, पुन्हा लावला. जुन्या तेलाचा हा नववा डबा. त्यावर तुमचे अक्षर नाही.

काल मंगळवारी तुमच्या पिंपासाठी शेवटचा टेम्पो येणार, असे नसीमने सांगितले होते. मी नऊ डबे रिक्षात घालून गल्लीत गेलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, पेट्रोल पंप काढताय का?" मी एकेक डबा उतरवून तुमच्या उंबऱ्यावर मांडू लागलो. समोरच्या दुकानातून तो मालक बाहेर आला. वर फ्लेक्सवर हसत होता, खाली दात कोरत होता.

"अहो काका, एवढा भार कशाला वाहिलात? गटारात सोडून द्यायचं. कोण बघतंय?"

"मी पाहिले आहे," मी म्हणालो. "सहा वर्षांपूर्वी, तुमच्या हातात ट्रे होता आणि जाळीवर कबुतर होते. तेव्हा तुमचे नाव लिहिण्याची माझी छाती झाली नाही, म्हणून मी गल्लीच्या नावाने तक्रार केली आणि रशीदभाईंच्या दुकानाला कुलूप लागले. ती तक्रार माझी होती. या वेळी तुमचे नाव लिहिणार आहे. पूर्ण. आणि माझेही."

तो म्हणाला, "काका, बीपीची गोळी घेतलीत का?" चहावाला थांबला. इस्त्रीवाल्याने खिडकीतून डोके बाहेर काढले. नसीम दारात उभी होती. हे वाक्य मी तुमच्यासमोर बोलायला हवे होते, तुमच्या बंद दुकानासमोर नव्हे; ते गल्लीला ऐकू गेले, तुम्हाला नाही, आणि ही दुरुस्ती आता कोणत्याही अर्जाने होणार नाही. घृणास्पद हा शब्द मी तुमच्या हातांवरून मागे घेतो. तो कोणावर ठेवायचा, हे मला ठाऊक आहे.

टेम्पोवाल्याने वही काढली. "दुकानाचंच लिहू ना सगळं?"

"पिंप दुकानाचे. हे नऊ डबे माझे. माझे नाव लिहा."

मी नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. सही केली. त्याने एकेक डबा आपल्या पिंपात उलटा केला. सर्वांत जुना डबा घट्ट झाला होता, तो हळूहळू उतरला. शेवटचा, मी स्वतः भरलेला. धार संपताच त्याने डबा सरळ करायला हात घातला.

"झालं की, काका."

"नाही," मी म्हणालो, आणि तुमच्या उंबऱ्यावर बसलो. "ठिबक थांबू द्या."